होडी पावसात कुजते

समुद्राला फार भिऊ नकोस. लाकडी होडीचा मोठा वैरी आभाळातून येतो. खाऱ्या पाण्यात सागाची फळी माणसाच्या आयुष्याला पुरून उरते, पण आत गोड्या पाण्याचं डबकं साचून राहिलं तर तीच फळी काही पावसाळ्यांत बोटानं कुस्करावी अशी होते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. ओल, ऊब आणि वारा न लागणारा कोपरा मिळाला की ती फोफावते. आता शेड तू सांभाळणार आहेस, म्हणून कामाचं तेवढं सांगून ठेवतो. क्रमानं सांगणं मला जमायचं नाही. आठवेल तसं ऐक आणि तुझ्या त्या मोबाइलात टिपून घे.

पहिली गोष्ट शाकारणीची, म्हणजे पावसाळ्यासाठी होडी वर घेऊन झाकण्याची. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मे सरत आला की सगळे नाखवे एकाच आठवड्यात तुझ्या दारात उभे राहतात. गडबडून जाऊ नकोस. होडी वर ओढायला उधाणाची भरती धर. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की पुढचे एक-दोन दिवस पाणी सगळ्यात वर चढतं. तेवढी ओढण्याची मेहनत वाचते, माणसंही कमी लागतात. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत कुणी ‘आजच काढूया’ म्हणाला तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव.

वर घेतली की पठाणाखाली, म्हणजे तळाच्या कण्याखाली, ओंडके नीट दे. लोक दोन टोकांना दोन ओंडके ठेवतात आणि मोकळे होतात. मधला भाग अधांतरी राहतो, पावसात लाकूड जड होतं आणि कणा खाली बाकतो. एकदा बसलेला बाक पुन्हा सरळ होत नाही. मग दरवर्षी त्याच सांध्यातून पाणी येतं आणि नाखवा म्हणतो, मेस्त्रीनं कापूस बरोबर भरला नाही. म्हणून अंतराअंतरानं आधार दे, दोन्ही कुशींना खुंट्या लाव आणि मागची बाजू थोडी उतरती ठेव, म्हणजे आत पडलेलं पाणी आपोआप बुचाकडे येईल. बूच काढूनच ठेवायचं. ते दोरीनं बाकाला बांधून लटकव, नाहीतर पोरं विटी-दांडूला नेतात. आणि लोटायच्या दिवशी ते परत लाव. हसू नकोस मेल्या. नारळ फोडून, गुलाल उधळून, बूच न लावता होडी पाण्यात लोटणारे महाभाग मी पाहिलेत.

वरून आच्छादन घालताना मधोमध बांबूचं आढं उभं कर आणि दोन्ही टोकं उघडी ठेव. पूर्वी झापं असायची, त्यांतून वारा खेळायचा. आता निळी ताडपत्री आली. ती चांगली आहे, स्वस्तही आहे, पण लोक ती होडीला घट्ट गुंडाळतात. आतली ओल आतच घाम धरते आणि श्रावणात ताडपत्री काढावी तर बुरशीचा वास येतो. झाकलेल्या होडीत वाकून शिरलास आणि गालाला वारा लागला, तर शाकारणी जमली असं समज.

जुनी माणसं बरगड्यांच्या मागच्या फटींत आगरातलं जाडं मीठ भरून ठेवायची. ही रीत नुसती आपल्याकडची नाही. परदेशातही लाकडी जहाजांत ती होती. तांब्याचे खिळे किंवा लाकडी खुंट्या असतील तिथे तूही खुशाल भर. लोखंडी खिळे असतील तिथे मात्र मिठाचे खडे टेकवून ठेवू नकोस, खिळा गंजून फुगेल आणि लाकूड फोडेल.

बरगड्यांच्या तळाला पाणी वाहून जायला भोकं ठेवतात ना, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. खवले, वाळू, जाळ्याचे तुकडे अडकून ती बुजतात आणि प्रत्येक बरगडीमागे वेगळं तळं होतं. नवी होडी बांधताना त्या सगळ्या भोकांतून एक दोरी ओवून ठेव आणि नाखव्याच्या पोराला सांग, आठवड्यातून एकदा दोन्ही टोकांनी ती मागेपुढे ओढायची. दोन मिनिटांचं काम, पण त्यानं तळाच्या फळ्यांचं आयुष्य वाढतं.

कुजलेलं कुठे शोधायचं, तेही ऐकून ठेव. उघड्या भागात शोधू नकोस, तिथे ऊन-वारा असतो. बाकाची टोकं जिथे कुशीला बसतात, नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाच्या लाकडाची, मागची बाजू, बरगड्यांची वरची टोकं काठाच्या पट्टीखाली लपतात ती जागा: तिथे पाणी मुरतं आणि सुकत नाही. बारीक टोच्या घे आणि हलकेच दाब. चांगलं लाकूड टोच्याला धरून ठेवतं, कुजलेलं लगेच वाट देतं. मोगरीनं टकटक केलीस तर निरोगी फळी खणखणीत बोलते, कुजलेली बद्द वाजते. ताजा रंग फासलेली जुनी होडी कुणी विकायला आणली तर आधी टोच्या काढ, मग दर विचार.

खाऱ्या पाण्यातही एक वैरी आहेच, तो पाण्याखालच्या भागात शिरतो. लाकूड पोखरणाऱ्या या किडीला ‘अळी’ म्हणतात, पण ती खरं तर शिंपल्याच्याच कुळातली. अगदी लहान असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत जाते आणि मग लाकडाच्या रेषेबरोबर बोगदा खणत मोठी होते. बोगद्याला आतून चुन्याचा मुलामा देते. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आत चाळण झालेली असते. लोकांना वाटतं, एका ओहोटीला होडी कोरडी ठेवली की कीड मेली. मरत नाही. भोकाचं दार आतून बंद करून ती कोरड्यातही कितीतरी दिवस तग धरते. पंधरवड्यानं होडी कलती करून तळ घासला, तर नुकतीच चिकटलेली पिल्लं निघतात. आत मुरलेली कीड मरते ती पावसाळ्याच्या लांब मुक्कामात, किंवा होडी खाडीत वर, गोड्या पाण्याच्या लोंढ्यात नेऊन ठेवली तर. बघ, होडीच्या आत साचून ती कुजवणारं गोडं पाणीच बाहेरून लागलं तर औषध होतं.

कीड मारायला तळ शेकण्याची रीतही होती. सुकी झावळी पेटवून तळाखालून ज्वाळ फिरवायची, लाकूड जाळायचं नाही, नुसतं तापवायचं. तेल-चुन्याचा तळ असेल तरच हे कर. आजकालच्या रंगावर ज्वाळ नेलीस तर रंग पेट घेईल, आणि आत डिझेलचं इंजिन असेल तर देवच वाली. पठाणाखाली एक जादा फळी ठोकायला विसरू नकोस. वाळूवर घासून रंग आधी तिचाच जातो, कीड आधी तिच्यातच शिरते. दर काही वर्षांनी ती काढून नवी ठोकायची. मूळ कण्याला हात लावायची वेळ येत नाही.

आता लाकूड. साग घ्यायचा तर गाभ्याचा घे. सालीलगतचा पांढरा भाग वाकसानं तासून टाक, नाखवा ‘वाया घालवलास’ म्हणून ओरडला तरी. किडीला आणि बुरशीला तोच आवडतो. सागात तेल असतं म्हणून तो टिकतो, शिवाय त्यात लोखंडही बरं राहतं; इंग्रजांच्या ओकच्या लाकडातलं आम्ल खिळे खायचं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचं ‘ट्रिंकोमाली’ नावाचं लढाऊ जहाज बांधलं, ते १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली किती सुतारांचे वाकस त्यावर चालले असतील, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. तो भाग वेगळा.

झाड कृष्ण पक्षात तोडावं म्हणतात. मी पाळतो, कारण त्यात नुकसान काही नाही. पण पक्ष सांभाळून ऐन पावसात तोडलंस तर काय उपयोग? पाऊस गेल्यावर, झाडातला रस उतरल्यावर तोडायचं, सावलीत रचून ठेवायचं, प्रत्येक फळीमध्ये पट्टी घालून वारा जाऊ द्यायचा. फळ्यांच्या टोकांना शेण किंवा घट्ट रंग फास, नाहीतर टोकाकडून चिरा जातात. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास आधी हातात घे. कागदाशिवाय आलेला साग कितीही स्वस्त असला तरी शेडमध्ये उतरू देऊ नकोस.

सरळ लाकूड पैसे टाकले की मिळतं. वाकडं शोधावं लागतं. माझ्या मते मेस्त्रीची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. बरगडीला बाक लागतो. सरळ ओंडक्यातून करवतीनं बाक कापून काढला तर तो दिसायला छान असतो, पण लाकडाच्या रेषा त्या बाकाला आडव्या कापल्या जातात, आणि पहिल्या जोराच्या लाटेला बरगडी तिथेच तुटते. झाडानं स्वतः दिलेला बाक घेतलास तर रेषा वळणाबरोबर वळते. बाभळीची फांदी, फणसाचा बेचका, उतारावर वाढून बुंध्याशी वळलेलं झाड, असं लाकूड दिसलं की मालकाशी बोलून ठेव. आज गरज नसली तरी. एसटीतून जाताना माझी नजर बाहेर झाडांच्या फांद्यांवरच असायची, तुझी काकू म्हणायची, माणसांकडे कधी बघणार? नाळेजवळच्या अरुंद बरगड्यांना टोकदार बेचका लागतो, मधल्या भागाला पसरट. दोन्हींचा साठा वेगळा ठेव आणि प्रत्येक तुकड्यावर खडूनं लिही, कुठे बसेल ते.

पण आंबा-फणसाला हात लावताना आज्ञापत्र आठव. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात आरमारासाठी लाकूड कसं आणावं ते सांगितलंय. आंबे-फणसही जहाजाला कामाचे, पण ते रयतेचे. एका-दोन वर्षांत ही झाडं होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, म्हणून जोरजबरदस्तीनं तोडू नयेत. जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच घ्यावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना एवढं कळत होतं. गावातल्या म्हातारीच्या परसातला फणस तिचा मुलगा मुंबईहून फोनवर विकतो, तेव्हा तू तिला विचारल्याशिवाय करवत लावू नकोस.

जोडणीला वेळ दे. फळीची कड फळीला बसते की नाही हे डोळ्यानं ठरवू नकोस. एका कडेला ओला गेरू लाव, फळी दाबून बसव, पुन्हा उचल. दुसऱ्या कडेवर जिथे लाल उमटलं तिथे उंचवटा, तो रंध्यानं घे. असं करत राहा, सगळ्या लांबीला सारखा लाल पट्टा येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे. गुजरातेत आणि मुंबईत कडेला खाच पाडून फळ्या एकमेकींत बसवायचे, ते काम बघून इंग्रज थक्क व्हायचे. आपल्या लहान होड्यांना तेवढी खाच लागत नाही, पण गेरूचा हिशोब तोच.

फळी वाकवताना बाहेरची बाजू ओली ठेव आणि आतली मंद आचेवर तापव. भाकरी उलटीपालटी करतात तसं करू नकोस. जी बाजू आत वळवायची तिला आग, दुसरीला ओलं गोणपाट. वजन हळूहळू टांग. फळी कुरकुरली की थांब, आणखी पाणी मार. घाई केलीस तर ती तडकेल, आणि तडकलेल्या फळीचं पुढे पाट करण्यापलीकडे काही होत नाही.

खिळ्यासाठी गिरमिटानं भोक पाड, खिळ्यापेक्षा थोडं बारीक. खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेला सुताचा वेढा दे, डोकं लाकडात खोल बसव आणि वर राळ-चुन्याची लांबी भर. तांबं आणि लोखंड एका होडीत शेजारीशेजारी ठोकायचं नाही, हे मात्र लक्षात ठेव. खाऱ्या पाण्यात दोन धातू भेटले की लोखंड झपाट्यानं झिजतं. इंजिनवाला येऊन पितळी जाळीशेजारी लोखंडी स्क्रू मारून जातो, त्याच्यावर नजर असू दे.

सांध्यात कापूस भरणं हे कानाचं काम. कापसाची सैल वात वळ, तेलात भिजव आणि बोथट पटाशीनं, मोगरीच्या हलक्या ठोक्यानं आत बसव. सैल असेल तर आवाज मऊ येतो, भरत आलं की चढतो. तो चढला की थांब. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार आहेत. तू आधीच ठासून भरलंस तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या खिळे उपटतात. नव्या हातांना नेहमी वाटतं, जास्त भरलं म्हणजे जास्त पक्कं.

म्हणूनच सुकलेली होडी लोटली की पहिल्या दिवशी ती गळणार. गळू दे. आधी दोन-तीन दिवस आत ओली गोणपाटं पसरून खारं पाणी मारत राहा, मग उथळ पाण्यात बांधून ठेव, पंप जवळ असू दे. लाकूड पाणी पिऊन सांधे आपोआप मिटवतं. घाबरून फटीत सिमेंट किंवा कडक मसाला भरणारे भेटतील, त्यांना शेडच्या बाहेर काढ. फळी फुगते, सिमेंट फुगत नाही, मग दोघांपैकी एक फुटतं आणि ती नेहमी फळीच असते.

तेलाचं थोडक्यात. राळ तेलात उकळताना आग उघड्यावर, शेडपासून लांब आणि शेजारी पाण्याऐवजी वाळूची बादली ठेव. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलंस तर भडका उडतो. उंडीचं तेल मिळालं तर उत्तम. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला कवच देतं, पण हाताला लागलं तर फोड येतात, तेव्हा हातमोजे घाल, मर्दुमकी नको. माशाच्या किंवा जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात सोडून घरी जाऊ नकोस. त्या आपोआप तापतात आणि रात्री पेटतात. उन्हात सुट्या पसरून ठेव, नाहीतर पाण्यात बुडव.

फायबरविषयी तू विचारलं होतंस. फायबरच्या होडीशी माझं वैर नाही. हलकी आहे, किडत नाही, नाखव्याला परवडते. पण जुन्या लाकडी होडीवर बाहेरून फायबरचा थर चढवून ‘आता वीस वर्षं बघायला नको’ असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नकोस. लाकूड आतून ओलं असतं, थर त्या ओलीला बाहेर जाऊ देत नाही, आणि कवचाच्या आत सगळं शांतपणे कुजतं. तुझ्याकडे असं काम आलं तर साफ सांग: लाकूड पूर्ण सुकलं असेल तरच. मग तो दुसरीकडे जाईल. जाऊ दे.

आमच्या पिढीनं एक वाईट केलं: माप कुणाला सांगायचं नाही. बापानं मुलाला, तेही अखेरच्या आजारपणात. गिर्ये गावी वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, कातळ कोरून केलेली; कधी ओहोटीला जाऊन बघ. तिथे दुरुस्तीला येणारी गुराबं-गलबतं बांधणाऱ्या मेस्त्रींचा एकही कागद आपल्या हाती नाही. म्हणून तू प्रत्येक होडीचं माप वहीत लिही, बरगड्यांचे पुठ्ठ्याचे साचे कापून नाव टाकून टांगून ठेव आणि जो विचारेल त्याला दाखव. गोव्यात दिवाडी बेटावर नौदलासाठी ‘कौंडिण्य’ बांधलं ना, अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज बघून, एकही खिळा न मारता फळ्या काथ्यानं शिवून. त्यासाठी केरळातून बाबू शंकरन या मेस्त्रींना आणावं लागलं, कारण फळ्या शिवायची विद्या अजून ज्यांच्या हातात आहे अशी माणसं आता विरळा. २१ मे २०२५ ला ते कारवारला नौदलात आलं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागलं. मला ते बघून आनंद झाला, आणि थोडा रागही आला. आमच्या लोकांनी तोंड उघडलं असतं तर चित्रावरून अंदाज बांधायची वेळ आली नसती.

शेवटी पैशाचं. लाकडाचे पैसे आधी घे, मजुरी टप्प्याटप्प्यानं, आणि नारळी पौर्णिमेच्या आत देतो असा शब्द कुणालाही देऊ नकोस. पाऊस तुझा चाकर नाही. दुरुस्तीला आलेल्या होडीचा दर ती वर घेऊन, टोच्या फिरवल्याशिवाय सांगू नकोस. पठाणच गेलं असेल तर नाखव्याला तसंच सांग, त्याचा बाप त्या होडीत वाढलेला असला तरी. वर नव्या फळ्या मारून पैसे घेशील, पण पुढच्या वादळात आत माणसं असतील. मोडायची ठरली तर तांब्याचे खिळे मोजून त्याला परत दे, नाळेचं लाकूड चांगलं असेल तर विकत माग, आणि बाकीचं सरपण कोणी न्यायचं ते त्यालाच ठरवू दे.